कण्याचा वाक आणि संशोधकाची प्रकाशनयादी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातील आणि खाडीपलीकडे ऐरोली-वाशीकडील, ज्यांच्या मुलामुलींना स्कोलिओसिसचे, म्हणजे कणा बाजूला वाकण्याचे, निदान झाले आहे अशा पालकांशी गेली काही वर्षे माझा सतत संबंध येतो. मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होतो, डॉक्टर नव्हे. त्यामुळे ब्रेस (धडाभोवती घालायचे ताठ कवच) घ्यावा की शस्त्रक्रिया करावी, हे मी कोणालाही सांगत नाही. एखाद्या तज्ज्ञाने काय काय लिहिले आहे आणि त्याचा आपल्या मुलाशी संबंध किती, हे कसे तपासावे, एवढेच सांगतो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरे एकत्र लिहून ठेवली आहेत.

प्रकाशनयादी वाचून आम्हा पालकांना काय कळणार?

पुष्कळ कळते, फक्त ती मोजायची नसते, वाचायची असते. नौपाड्यातील एका आईने मला एकदा एका सल्लाकक्षाच्या भिंतीचा फोटो पाठवला होता. चौकटीत शंभराहून अधिक प्रकाशनांचा आकडा ठळक अक्षरांत लावलेला होता. आम्ही दोघांनी बसून ती यादी ओळीने चाळली, तेव्हा निम्म्याहून अधिक नोंदी परिषदांत वाचलेल्या टिपणांच्या सारांशांच्या निघाल्या. बऱ्याच गुडघ्याच्या आणि खुब्याच्या होत्या, काही पाठ्यपुस्तकातील प्रकरणे होती, आणि वाकलेल्या कण्याच्या रुग्णांचा पाठपुरावा करून लिहिलेले निबंध अवघे चार होते. ते चार चांगले होते, हेही सांगितले पाहिजे. पण त्या आईला आपल्या मुलीसाठी हवे होते ते त्या चारांतच होते, आणि भिंतीवरच्या आकड्याने नेमके तेच झाकून टाकले होते.

एकाच व्यक्तीच्या यादीत ब्रेसचे निबंध आणि कोंबडीच्या भ्रूणाचे निबंध एकत्र कसे असू शकतात?

कण्याच्या वाकाचा अभ्यास दोन टोकांनी होतो, म्हणून. एका टोकाला दवाखाना आहे आणि दुसऱ्या टोकाला भ्रूण. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास भ्रूणाच्या पाठीशी, पुढे जिथे मज्जारज्जू असणार त्याच्या दोन्ही बाजूंना, ऊतीचे छोटे ठोकळे जोडीजोडीने तयार होऊ लागतात. त्यांना सोमाईट म्हणतात, आणि मणके, बरगड्या व पाठीचे स्नायू त्यांतूनच घडतात. हे ठोकळे डोक्याकडून शेपटीकडे, ठरलेल्या अंतराने, एकामागून एक पडत जातात. पेशींच्या आत एखादे घड्याळ असल्याशिवाय असा ताल जमणार नाही, अशी कल्पना कुक आणि झीमन यांनी १९७६ मध्ये गणिताच्या आधारे मांडली. १९९७ मध्ये ऑलिव्हिए पुर्किये यांच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणात एक जनुक दर ९० मिनिटांनी जागे होते आणि झोपते असे प्रत्यक्ष दाखवले, आणि सोमाईटची एक जोडी पडायलाही तेवढाच वेळ लागतो. झेब्राफिश नावाच्या माशात हाच ठोका सुमारे ३० मिनिटांचा असतो, उंदरात सुमारे दोन तासांचा, आणि माणसाच्या पेशींत सुमारे पाच तासांचा.

हे घड्याळ चुकले, तर मणका अर्धाच बनतो किंवा दोन मणके एका बाजूने चिकटलेले राहतात, आणि मूल जन्मजात स्कोलिओसिस घेऊन येते. डीएलएल३ या जनुकातील दोषामुळे मणके आणि बरगड्या दोन्ही विस्कळीत होतात, हे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. टीबीएक्स६ या जनुकाचा वाटा २०१५ मध्ये चीनमधील रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आला, आणि तेथील जन्मजात स्कोलिओसिसच्या सुमारे ११ टक्के रुग्णांत त्याचा संबंध आढळला. सर्व दोष जनुकांवर टाकता येत नाही, हे सिडनीतील एका गटाने २०१२ मध्ये दाखवले. ज्या उंदरांत संबंधित जनुकाची एकच प्रत बिघडलेली होती, त्यांच्या गर्भाला थोडा वेळ प्राणवायू कमी पडला, तर मणक्यांतील दोष अधिक वेळा आणि अधिक तीव्रतेने दिसले. भ्रूणाच्या याच काळात हृदय आणि मूत्रपिंडेही घडत असतात. जन्मजात वाक असलेल्या मुलाच्या हृदयाची आणि पोटाची सोनोग्राफी डॉक्टर का सांगतात, असे पालक अनेकदा विचारतात, त्याचे उत्तर या भ्रूणविज्ञानात आहे.

म्हणून दोन्ही प्रकारचे निबंध असलेली यादी संशयास्पद नसते. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. आपल्याकडे येणाऱ्या बहुसंख्य मुलामुलींना जन्मजात वाक नसतो. त्यांचा वाक किशोरवयीन असतो, म्हणजे साधारण दहा वर्षांनंतर दिसू लागणारा, ज्याचे नेमके कारण ठाऊक नाही असा, आणि या वयातील दोन ते तीन टक्के मुलामुलींत तो कमी-अधिक आढळतो. या मुलांचे मणके भ्रूणात नीट घडलेले असतात आणि वाढीच्या वेगात कणा वळतो. आडनाव एकच असले तरी ही दोन वेगळी घराणी आहेत. यादीतील भ्रूणविज्ञान जन्मजात वाकाचे असेल आणि तुमची मुलगी तेरा वर्षांची, नीट मणक्यांची असेल, तर त्या निबंधांनी संशोधकाची बुद्धी कळेल, मुलीच्या उपचाराविषयी फारसे कळणार नाही.

माशांवर किंवा कोंबड्यांवर केलेल्या प्रयोगांचा माझ्या मुलीला उपयोग काय?

आज थेट उपयोग बहुधा नाही. तरीही हे काम हसण्यावारी नेण्यासारखे नाही. किशोरवयीन वाकाचा अभ्यास करताना जुनी अडचण अशी की प्रयोगशाळेतील नेहमीच्या प्राण्यांत तो आपोआप होत नाही. कोंबडीच्या पिलांच्या मेंदूतील पिनिअल ग्रंथी काढली की त्यांचा कणा वाकतो, हे १९५९ मध्ये दिसले. तेव्हापासून या ग्रंथीतून स्रवणारे, झोपेशी निगडित मेलाटोनिन कमी पडल्याने वाक येतो ही कल्पना अनेक वर्षे फिरत राहिली. पुढे असे आढळले की ग्रंथी काढलेल्या, चार पायांवर चालणाऱ्या उंदरांत वाक येत नाही, पण पुढचे पाय काढून दोन पायांवर चालायला लावलेल्यांत येतो. रुग्ण मुलामुलींच्या रक्तातील मेलाटोनिनविषयीचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळले नाहीत. कोंबडीवरचा एक आकर्षक निबंध दाखवून कोणी झोपेच्या गोळीने कणा सरळ होईल असे सुचवत असेल, तर या मधल्या सगळ्या पायऱ्या त्याने गाळलेल्या असतात.

झेब्राफिशची गोष्ट अलीकडची आणि अधिक भक्कम आहे. बोटाच्या पेराएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातील ओढ्यांतला आहे. ठाण्यातील मत्स्यालयांच्या दुकानांतही तो पिशवीत पाणी भरून देतात, आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याच्यावर विकासात्मक जीवशास्त्राचे काम चालते. २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात असे प्रसिद्ध झाले की मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव वाहता ठेवणारे सूक्ष्म केस बिघडले की या माशाचा कणा वाढीच्या वयात वळतो, मणके मुळात नीट असूनही. माणसाच्या किशोरवयीन वाकाशी हे साम्य लक्षणीय आहे. ते माणसातही तसेच घडते असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. असा निबंध यादीत दिसला की शीर्षकात ‘मॉडेल’, म्हणजे आजाराची प्राण्यातील प्रतिकृती, हा शब्द आहे का, ते पाहावे, आणि असल्यास तो निबंध उपचाराच्या खात्यात धरू नये.

जनुकीय चाचणीने वाक वाढणार की नाही हे कळते, असा एखादा निबंध असतो. त्यावर विसंबावे का?

येथे यादीतील पुढची वर्षे पाहावीत. २०११ मध्ये जपानी गटाने एलबीएक्स१ या जनुकाजवळची एक खूण किशोरवयीन वाकाशी निगडित असल्याचे दाखवले, आणि ती नंतर इतर देशांतील लोकसमूहांतही आढळली. याउलट, ५३ जनुकीय खुणांवरून वाकाची वाढ सांगणारी एक चाचणी अमेरिकेत बाजारात आली होती, आणि जपानी तसेच फ्रेंच-कॅनेडियन रुग्णांत त्या खुणांचा वाकाच्या वाढीशी संबंध जुळला नाही. पहिला दावा आणि तो दुसऱ्यांनी तपासल्यानंतरचा निकाल, हे दोन्ही वाचल्याशिवाय जनुकीय निबंधाबद्दल मत बनवू नये.

उपचारावरील निबंधात आम्ही सर्वांत आधी काय पाहावे?

कोन कसा मोजला, मुलांची हाडे वाढीच्या कोणत्या टप्प्यावर होती, तुलनेला दुसरा गट होता का, आणि पाठपुरावा वाढ पूर्ण होईपर्यंत केला का, ते पाहावे. या सर्व गोष्टी सारांशातही बहुधा सापडतात.

कोनापासून सुरुवात करू. अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडलेली पद्धत आजही चालते. एक्स-रेवर वाकाच्या वरच्या टोकाच्या, सर्वाधिक कललेल्या मणक्याच्या वरच्या कडेला एक रेघ ओढतात, खालच्या टोकाच्या मणक्याच्या खालच्या कडेला दुसरी, आणि त्या दोन रेघांमधील कोन मोजतात. तो १० अंश किंवा अधिक भरला, तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी हे खिडकीच्या काचेवर फिल्म चिकटवून, पेन्सिल आणि शाळेतला कोनमापक घेऊन करायला लावतो. वडील २८ म्हणतात, आई ३२ म्हणते, आणि दोघेही प्रामाणिकपणे मोजत असतात. सरावलेल्या डॉक्टरांतही पाचेक अंशांचा फरक गृहीत धरला जातो. त्यामुळे ‘सहा महिन्यांत सरासरी चार अंशांची सुधारणा’ असे वाक्य निबंधात आले, तर ती सुधारणा कण्यात झाली की पेन्सिलीत, हे सांगता येत नाही.

हाडांची वाढ किती उरली आहे, हे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवरून पाहतात. त्याला रिसरची खूण म्हणतात आणि ती ० ते ५ अशी मोजतात. शून्य म्हणजे बरीच वाढ बाकी, पाच म्हणजे वाढ संपलेली. ज्यांची वाढ संपत आली आहे अशा मुलींवर कोणताही उपचार केला, तरी वाक फारसा वाढत नाही, आणि निबंध यशस्वी दिसतो.

तुलनेच्या गटाचे महत्त्व २०१३ च्या एका अभ्यासाइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. स्टुअर्ट वाइनस्टीन आणि सहकाऱ्यांनी अमेरिका व कॅनडातील २५ केंद्रांत ब्रेसची चाचणी घेतली आणि ती ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केली. विश्लेषणात २४२ मुलेमुली होती. त्यांपैकी ११६ जणांची गटवाटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, नशिबावर झाली, आणि उरलेल्या १२६ जणांच्या कुटुंबांनी आपला पर्याय स्वतः निवडला. वाढ पूर्ण होईपर्यंत वाक ५० अंशांच्या खाली राहणे याला यश मानले होते. ब्रेस घातलेल्यांत यश ७२ टक्के होते, फक्त निरीक्षणाखाली ठेवलेल्यांत ४८ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवण्यात आली. ब्रेसच्या आत तापमान नोंदवणारी चकती बसवलेली होती, त्यामुळे मुले तो खरोखर किती तास घालतात हे कळत होते, आणि दिवसाला १२.९ तासांहून अधिक घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या वर गेले.

या आकड्यांतील ४८ हा आकडा मी पालकांना दोनदा वाचायला सांगतो. काहीही न करता जवळजवळ निम्म्या मुलांचा वाक त्या मर्यादेत राहिला. म्हणजे एखाद्या लेपाने, मालिशीने किंवा व्यायामाने ‘आमच्याकडे दहापैकी पाच मुले शस्त्रक्रियेपासून वाचली’ असे कोणी लिहिले आणि तुलनेला दुसरा गट ठेवला नाही, तर त्यात लेपाचे श्रेय किती, हा प्रश्न उरतोच. तासांबद्दलची दुसरी बाजूही येथल्या पालकांना ठाऊक आहे. मे महिन्यात ठाण्याच्या दमट हवेत कपड्यांखाली प्लास्टिकचे कवच तेरा तास अंगावर ठेवायचे, म्हणजे आत शिवण नसलेले सुती बनियन हवे, ते दिवसातून दोनतीनदा बदलायला हवे, आणि तरीही कमरेवर घामोळे उठते. थंड देशातील निबंधात हे लिहिलेले नसते, आणि आपल्या हवेत मुले तितके तास ब्रेस घालू शकली का, हे येथल्या संशोधकाच्या निबंधात शोधण्यासारखे आहे.

भारतातील रुग्णांवर चाचणी झाली असेल, तर तिची नोंद भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत असायला हवी. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून औषधे व उपकरणांच्या चाचण्यांची नोंद तेथे सक्तीची झाली. नोंदीत आधी ठरवलेले मोजमाप आणि निबंधात छापलेले मोजमाप यांत तफावत आढळली, तर तिची वहीत खूण करून ठेवावी.

शस्त्रक्रियेवरील निबंध वेगळ्या पद्धतीने वाचावेत का?

होय. येथे काळ अधिक लांब धरावा लागतो. पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने कणा वाकलेल्या मुलांसाठी धातूचा दांडा विकसित केला आणि त्याविषयीचा निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. वाक सरळ होत होता यात शंका नव्हती. पण त्या ताणाने कमरेचा नैसर्गिक खोलगटपणा नाहीसा होऊन पाठ सपाट होते आणि त्याचा त्रास मोठेपणी सुरू होतो, हे पुष्कळ नंतर उमगले. पुढच्या पिढीच्या स्क्रू-दांड्यांच्या रचनांनी कण्याची तिन्ही दिशांतील वळणे ध्यानात घेतली. मणक्यांना एका बाजूने लवचीक दोरी बांधून उरलेल्या वाढीकडूनच कणा सरळ करून घेण्याच्या पद्धतीला अमेरिकेच्या नियामकांनी ऑगस्ट २०१९ मध्ये मर्यादित मान्यता दिली, आणि तिच्यात दोरी तुटण्याचा प्रश्न ठाऊक आहे. दोन वर्षांच्या पाठपुराव्याचा निबंध शल्यचिकित्सकाचा हात कसा आहे ते सांगतो. तीस वर्षांनंतरच्या पाठीबद्दल तो बोलू शकत नाही.

लहान बाळांच्या वाकाबाबत मिन मेहता यांचे नाव यादींतील संदर्भांत वारंवार येईल. बरगडी आणि मणक्यातील कोनावरून बाळाचा वाक आपोआप जाणार की वाढणार, याचा अंदाज बांधण्याची पद्धत त्यांनी १९७२ मध्ये दिली, आणि प्लास्टर टप्प्याटप्प्याने बदलत वाढीलाच कामाला लावण्याविषयीचा निबंध २००५ मध्ये. १९७२ आणि २००५ यांमधील अंतर पाहा. अशी यादी मला शंभर नोंदींपेक्षा अधिक बोलकी वाटते.

लेखकांच्या नावांचा क्रम काय सांगतो?

वैद्यक आणि जीवशास्त्रात पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या किंवा विभागाच्या प्रमुखाचे असते. मधली नावे कोणाचीही असू शकतात. हल्ली बरीच नियतकालिके शेवटी कोणी काय केले ते छापतात, ते वाचावे.

एच-इंडेक्स किती असला म्हणजे चांगला?

या प्रश्नाचे आकड्यात उत्तर नाही. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो सुचवला. एच-इंडेक्स २० म्हणजे किमान २० निबंध असे, की प्रत्येकाचा इतरांनी निदान २० वेळा उल्लेख केला आहे. वयाबरोबर तो वाढतच जातो, कमी होत नाही, आणि जनुकशास्त्रातील निबंधांचे उल्लेख शस्त्रक्रियेच्या निबंधांपेक्षा सहज अधिक होतात. दोन्ही क्षेत्रांत लिहिणाऱ्याचा आकडा भ्रूणविज्ञानामुळे फुगलेला असू शकतो.

यादी शोधताना एकाच नावाच्या दहा व्यक्ती सापडतात. काय करावे?

ही आपल्याकडची खरी डोकेदुखी आहे. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर आडनाव आणि आद्याक्षर एवढेच टाकले, तर ‘पाटील एस’ किंवा ‘जोशी ए’ या नावाखाली दंतवैद्य, कृषिशास्त्रज्ञ आणि अस्थितज्ज्ञ एकाच रांगेत उभे राहतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधक स्त्रियांची यादी तर मध्येच तुटते आणि त्यांचे अर्धे काम दिसतच नाही. यासाठी २०१२ पासून ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक वापरात आहे. तो संशोधकाच्या संस्थेच्या पानावर किंवा निबंधातील नावाशेजारी मिळतो. क्रमांक नसेल, तर नावाबरोबर शहर, संस्था आणि ‘स्कोलिओसिस’ हा शब्द जोडून शोधावे, आणि सहलेखकांची तीच ती नावे पुन्हा येतात का ते पाहावे. ऑर्किडवरील नोंदी बऱ्याचदा संशोधक स्वतः भरतो, त्यामुळे तेथे असलेली प्रत्येक ओळ पबमेडवर असेलच असे नाही.

नियतकालिक खरे की पैसे घेऊन काहीही छापणारे, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे?

नियतकालिकाने लेखकाकडून पैसे घेणे हा एकटा पुरावा नव्हे. अनेक प्रतिष्ठित खुली नियतकालिकेही ते घेतात. निबंध मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख पहिल्या पानावर असते. त्यांत चारपाच दिवसांचेच अंतर असेल, तर तज्ज्ञांनी तो वाचला कधी, असा प्रश्न पडायला हवा. कण्याच्या वाकावरचा निबंध सर्व विज्ञानशाखांना जागा देणाऱ्या अपरिचित नियतकालिकात असेल, आणि त्याच लेखकाचे कुठलेच काम ‘स्पाइन’, ‘स्पाइन डिफॉर्मिटी’ किंवा ‘युरोपियन स्पाइन जर्नल’ यांत नसेल, तर जपून वाचावे.

पूर्ण निबंध उघडत नाही, पैसे मागतात. भरावेत का?

सहसा गरज पडत नाही. पबमेड सेंट्रलवर पुष्कळ निबंध संपूर्ण मोफत असतात. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत सरकारी उच्चशिक्षण संस्थांना तेरा हजारांच्या आसपास नियतकालिके उपलब्ध झाली आहेत, तेव्हा अशा संस्थेत शिकणारा भाचा-पुतण्या असेल तर त्याला विचारावे. आणि लेखकाला दोन ओळींचा ईमेल पाठवायला संकोच करू नये. वाचकाने निबंध मागितला याचा बहुतेक संशोधकांना आनंदच होतो.

यादीतील एखादा निबंध मागे घेतलेला आढळला तर?

कारण वाचावे. स्वतःच मोजमापातील चूक शोधून निबंध मागे घेणारा संशोधक आणि एकच एक्स-रे दोन रुग्णांचा म्हणून छापणारा संशोधक यांना एका मापाने मोजू नये. मागे घेतल्याची सूचना मूळ निबंधाला जोडलेली असते, तीत बहुधा कारण दिलेले असते.

ज्या डॉक्टरांचे काहीच प्रकाशित नाही, त्यांच्याकडे जाऊ नये का?

जावे. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दिवसाला शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना लिहायला सवड मिळत नाही, आणि उत्तम हात असलेली कित्येक माणसे आयुष्यात चार ओळी छापत नाहीत. अशा वेळी यादीला विचारायचे तेच प्रश्न डॉक्टरांना समोर बसून विचारावेत. माझ्याकडून जाणारे पालक चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून नेतात : ‘डॉक्टर, माझ्या मुलीच्या वयाच्या आणि एवढ्याच वाकाच्या किती मुली तुम्ही वाढ पूर्ण होईपर्यंत पाहिल्यात? त्यांपैकी किती जणींना शेवटी शस्त्रक्रिया लागली? आणि मागचा एक्स-रे व हा एक्स-रे एकाच व्यक्तीने मोजला आहे का?’ तिसऱ्या प्रश्नाला एका डॉक्टरांनी उत्तर दिले नाही. त्यांनी टेबलावरून दोन्ही फिल्म उचलल्या, उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या आणि पेन्सिल घेऊन पुन्हा मोजायला सुरुवात केली. त्या पालकांनी डॉक्टर बदलले नाहीत.